कुंपणाखालून उकरून बाहेर पडणारा कुत्रा

आपण लिहिलेली हकिकत थोडक्यात अशी. जळगाव शहराबाहेर, पूर्वी कपाशीचे वावर असलेल्या जागेत आपला साडेतीन गुंठ्यांचा प्लॉट आहे. समोर घर आणि फाटक, उरलेल्या तीन बाजूंना सिमेंटच्या खांबांवर ताणलेली चेनलिंक जाळी. अडीच वर्षांचा लॅब्रॅडॉर नर परसात मोकळा असतो. चैत्र लागल्यापासून तो जाळीखालची माती उकरतो आहे आणि आतापर्यंत चार वेळा रात्री बाहेर पडला आहे. खड्डे विटांनी बुजवले, बोरीच्या काट्या टाकल्या, मिरचीची पूड पसरली, तरी तो शेजारी हातभर अंतरावर नवा खड्डा करतो. शेजारी तक्रार करू लागले आहेत आणि आता त्याला कायम साखळीने बांधून ठेवावे असा घरात विचार चालू आहे. त्याला साखळी न लावता हे थांबेल का, असे आपण विचारले आहे.

थांबेल, असे मी सव्वीस वर्षांच्या पशुवैद्यकीय व्यवसायाच्या आधारावर सांगतो. मात्र आजवर आपण जे उपाय केले ते सगळे खड्ड्यावर केले आणि कुत्रा तो खड्डा कशासाठी करतो हा प्रश्न तसाच राहिला. कुत्रा एक तर कशाच्या तरी ओढीने उकरतो किंवा कशापासून तरी सुटका करून घेण्यासाठी उकरतो, आणि ते कारण कायम असेपर्यंत आपण एक जागा बंद केली की तो दुसरी शोधतो. म्हणून पुढचा खड्डा दिसला की तो लगेच बुजवू नये. पाच मिनिटे त्याच्याजवळ बसून तो नीट पाहावा, कारण खड्ड्याची जागा, आकार, वेळ आणि मातीचा ढीग या चार गोष्टींतून बहुतेक वेळा कारण कळते.

खड्डा रुंद, उथळ, परातीसारखा असेल, दुपारच्या आधी झालेला असेल आणि त्यात कुत्रा बसल्याच्या खुणा असतील, तर तो गारव्यासाठी केलेला आहे. खड्डा अरुंद असून थेट जाळीच्या रेषेवर असेल, जाळीची खालची कड वर वाकलेली असेल आणि तिला केस अडकलेले असतील, तर तो बाहेर जाण्यासाठीच केलेला आहे. एकाच ओळीत लहान लहान उकीर असतील, मधेच नाक खुपसल्याच्या खुणा असतील आणि ती ओळ एखाद्या बिळाकडे जात असेल, तर कुत्रा घुशीच्या किंवा उंदराच्या मागावर आहे. कुत्रा पुढच्या पायांनी उकरतो आणि माती स्वतःच्या मागे फेकतो, त्यामुळे ढीग कुंपणाच्या आत असेल तर आतल्या कुत्र्याने उकरले आहे आणि ढीग बाहेर असेल तर बाहेरचे एखादे कुत्रे आत येऊ पाहत आहे. परसात कोंबड्यांचे खुराडे असलेल्या घरी ही दुसरी शक्यता मला वारंवार आढळते, आणि तिथे घरच्या कुत्र्याला विनाकारण मार बसलेला असतो.

आपण पाठवलेल्या वर्णनात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत असे मला वाटते. उत्तरेकडच्या मेंदीच्या कुंपणाखालचे खड्डे सकाळी दहा-अकराच्या सुमारास होतात आणि तिथे ठिबकची नळी आहे, असे आपण लिहिले आहे. रस्त्याकडच्या कोपऱ्यातला खड्डा मात्र रात्री होतो आणि कुत्रा बाहेर पडतो तो तिथूनच. पहिल्या खड्ड्यांचे कारण ऊन आहे, दुसऱ्याचे निराळे आहे आणि त्यांचे उपायही निराळे आहेत.

आधी उन्हाविषयी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत किंवा त्याच्याही वर जातो हे आपल्याला सांगायला नको. माणसाला अंगभर घाम येतो, पण कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे धापण्याखेरीज फारसे साधन नसते. लॅब्रॅडॉर थंड मुलखात पाण्यातून शिकार आणण्यासाठी वाढवलेला कुत्रा आहे, त्याच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असतो. तापलेल्या परसात त्याने वितभर माती काढून खालच्या गार थरावर पोट टेकवणे यात खोडी काहीही नाही, ती त्याची शरीराची गरज आहे. ठिबकच्या तोटीखालची ओली माती त्याला सगळ्यांत गार लागते, आणि आपल्याकडे ठिबकची नळी बहुधा कुंपणाच्या कडेच्या झाडांनाच घातलेली असते, म्हणून खड्डा नेमका कुंपणाखाली होतो. रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या मळ्यात मला याच तक्रारीसाठी बोलावले होते. तिथे कुत्रा रोज एकाच खांबापाशी उकरत असे आणि मालकाची समजूत होती की त्याला पलीकडच्या वावरात जायचे आहे. पाहिले तर तिथे नळीचे शेवटचे टोक नीट बंद केलेले नव्हते आणि रात्रभर पाणी झिरपून मातीत गारवा साठत होता. टोक बंद केले, कुत्र्याला आंब्याखाली ओल्या वाळूची जागा करून दिली आणि आठवड्याभरात खांबापाशी उकरणे थांबले.

आपल्याकडेही हेच करावे. कडुनिंबाखाली, कुंपणापासून निदान दहा फूट आत, साधारण पाच फूट लांब आणि चार फूट रुंद असा फूटभर खोल खड्डा घेऊन त्यात नदीची वाळू आणि थोडी माती भरावी आणि उन्हाळ्यात सकाळी व दुपारी तीवर पाणी शिंपडावे. ही जागा त्याची आहे हे त्याला शिकवावे लागते, ते आपोआप कळत नाही. पहिले आठ-दहा दिवस त्या वाळूत त्याच्यासमोर भाकरीचा तुकडा किंवा त्याचे खेळणे पुरावे, तो उकरू लागला की शाबासकी द्यावी, आणि कुंपणापाशी उकरताना दिसला तर न ओरडता त्याला इकडे आणावे. मेंदीचे ठिबक काही दिवस संध्याकाळी उशिरा सोडावे, म्हणजे दिवसा ती माती वरून कोरडी राहील. परसात पत्र्याचे शेड असेल तर दुपारी ते भट्टीसारखे तापते आणि कुत्रा त्यात थांबत नाही, यात नवल नाही. पत्र्यावर पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा जाड थर घातला आणि बाजूंना ओले गोणपाट सोडले तर बराच फरक पडतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. ते 104 च्या वर गेले, जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट झाली आणि चाल अडखळू लागली, तर उकरण्याचा विचार बाजूला ठेवून त्याला सावलीत घ्यावे, अंगावर साधे पाणी ओतत वारा घालावा आणि त्याच अवस्थेत दवाखान्यात न्यावे.

आता रात्रीच्या कोपऱ्याविषयी. अडीच वर्षांचा, नसबंदी न केलेला नर रात्री एकाच दिशेला जात असेल तर मी प्रथम विचारतो की त्या बाजूला कोणाची मादी माजावर आहे का. पाळीव मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, तो काळ तीन आठवड्यांच्या आसपास चालतो आणि तिचा वास नराला बऱ्याच लांबून येतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा मुख्य हंगाम भाद्रपदाच्या आगेमागे असतो हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे चैत्रात सुरू झालेल्या पळण्यामागे बहुधा आसपासची एखादी पाळीव मादी असावी. दुसरी शक्यता भीतीची आहे. चैत्र-वैशाख म्हणजे आपल्याकडची लग्नसराई, रात्री अकरापर्यंत डीजे आणि फटाके. घाबरलेला कुत्रा आवाजापासून दूर जाण्यासाठी वाट काढतो. तो ज्या रात्री पळाला त्या चार तारखा आठवून पाहाव्यात. त्या दिवशी जवळपास वरात असेल तर कारण भीतीचे आहे आणि उपाय इतकाच की अशा रात्री त्याला घरात, शक्यतो आतल्या खोलीत, पंखा चालू ठेवून माणसांच्या सहवासात ठेवावे. वरातीशी तारखा जुळत नसतील तर नसबंदीचा निर्णय घ्यावा. या वयात त्याची हाडांची वाढ पूर्ण झालेली आहे, शस्त्रक्रिया नित्याची आहे, आणि तिच्यानंतर अनेक नरांचे भटकणे लक्षणीय कमी होते. सर्वांचे होते असे मी म्हणणार नाही, आणि ज्याला बाहेरची चटक लागून वर्षे झाली आहेत त्याची सवय केवळ शस्त्रक्रियेने जात नाही. आपला कुत्रा मात्र महिना-दोन महिन्यांपूर्वीच बाहेर पडू लागला आहे, म्हणून लवकर निर्णय घेणे इष्ट.

कंटाळ्याविषयी दोन वाक्ये पुरेशी आहेत. साडेतीन गुंठे मोकळी जागा म्हणजे व्यायाम नव्हे. सकाळी सातच्या आत आणि रात्री डांबर निवल्यावर अर्धा-पाऊण तास त्याला दोरीवर फिरवावे, आणि त्याच्या जेवणातला काही भाग एका भांड्यात न देता परसात ठिकठिकाणी लपवून नाकाने शोधायला लावावा.

कारणांची व्यवस्था होईपर्यंत आणि झाल्यावरही कुंपण खालून पक्के असलेच पाहिजे, कारण एकदा बाहेर पडण्यात यश आले की कुत्रा ती युक्ती विसरत नाही. आणि इथे आपल्या मातीचा विचार केल्यावाचून कोणताही उपाय टिकत नाही. तापीकाठची काळी माती पाणी मिळाले की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जाळीखालची जमीन खाली बसते आणि पावसाळ्यात टेकलेली जाळी मे महिन्यात तीन-चार बोटे अधांतरी होते. कुत्र्याला ही फट आयती मिळते, उरलेले काम दहा मिनिटांचे असते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी लोकांना कुंपणाखाली काँक्रीटची अरुंद पट्टी ओतायला सांगत असे. दोन पावसाळ्यांत त्या पट्ट्या उचलल्या गेल्या, तडकल्या, आणि तुकड्यांच्या मधून कुत्री पुन्हा उकरू लागली. लोकांचा खर्च वाया गेला याचे मला आजही वाईट वाटते, आणि तेव्हापासून काळ्या मातीत मी ताठ पट्टीऐवजी मातीबरोबर हलणारी आडवी जाळी सुचवतो.

ती अशी करावी. जस्ताचा मुलामा असलेली, बाजारात जीआय वेल्डेड मेश म्हणून मिळणारी, दोन इंची चौकटीची तीन फूट रुंद जाळीची गुंडाळी आणावी. कोंबड्यांसाठीची षटकोनी पातळ जाळी घेऊ नये, कारण लॅब्रॅडॉरच्या नखांनी ती फाटते आणि फाटलेल्या तारांनी पंजे कापतात. कुंपणाच्या आतल्या बाजूने, कडेला लागून, अडीच फूट रुंद आणि चार ते सहा इंच खोल माती काढावी. मे महिन्यात ही जमीन पहारीलाही दाद देत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी पट्ट्याला पाणी द्यावे किंवा मृगाच्या पहिल्या पावसानंतर वाफसा येताच काम धरावे. जाळी काटकोनात वाकवून तिचा सुमारे एक फूट भाग कुंपणाच्या जाळीला उभा लावावा आणि दोन फूट भाग परसाकडे जमिनीवर आडवा पसरावा. दोन्ही जाळ्या वितावितावर तारेने बांधाव्यात. ही बांधायची तारही जस्ताची असावी, कारण साधी काळी तार ओल्या मातीत एक-दोन वर्षांत गंजून तुटते आणि मग बाकीची जाळी शाबूत असूनही कुंपण उघडे पडते. आडव्या भागावर फूट-दीड फुटावर सळईच्या इंग्रजी यू आकाराच्या खुंट्या ठोकाव्यात, जाळीची कापलेली टोके खाली वळवावीत, वर माती आणि तिच्यावर डबर पसरावे. कुत्रा नेहमी कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरायला सुरुवात करतो. तिथे त्याच्या नखांना जाळी लागते. दोन फूट मागे सरकून तिथून बोगदा सुरू करावा हे बहुतेक कुत्र्यांना सुचत नाही, आणि साऱ्या रचनेची मदार याच स्वभावावर आहे. खोल खणण्यापेक्षा रुंद पसरण्याला मी जास्त महत्त्व देतो ते याचसाठी. बाहेरून कुत्री येत असतील तर हाच पट्टा कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला घालावा.

जाळी बांधण्यापूर्वी आपल्या चेनलिंकच्या खालच्या कडेतून एक जाड तार खांबापासून खांबापर्यंत ताणलेली आहे ना, हे पाहावे. कंत्राटदार ही तार अनेकदा गाळतात. ती नसेल तर कुत्र्याला उकरायचीही गरज पडत नाही, तो नाकाने जाळी उचलून निघून जातो. फाटकाखाली आडवी जाळी घालता येत नाही. तिथे फूटभर काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी घालून ठोकावा आणि त्यावर शहाबादी फरशी बसवावी, कारण मुरूम फुगत नाही आणि फरशी जागेवर राहते. फाटक आणि फरशी यांत दोन इंचांहून अधिक फट ठेवू नये. ज्यांना पक्के जोतेच बांधायचे आहे त्यांनी पाया मुरमाला लागेपर्यंत न्यावा, आणि खोल काळ्या मातीच्या भागात हा खर्च मोठा होतो हे आधी लक्षात घ्यावे. उलट यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-मुरमाची जमीन असते, तिथे दीड फुटाचा चर खणून त्यात डबर उभे रचले तरी चांगले काम होते.

सातपुड्याच्या कडेला राहणाऱ्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये, असे मी आग्रहाने सांगतो. बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य आहे, आणि यावल अभयारण्याच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये रात्री कुंपणाबाहेर गेलेला कुत्रा सकाळी परत येईलच याची खात्री देता येत नाही.

आता जे करू नये त्याविषयी. मिरचीची पूड थांबवावी. वाऱ्याने ती कुत्र्याच्या डोळ्यांत आणि नाकात जाते, उकरणे मात्र थांबत नाही. डांबराच्या गोळ्या पुरण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्यांतले नॅप्थॅलिन कुत्र्याच्या पोटात गेले तर विष आहे. बोरी-बाभळीच्या काट्या पंजाच्या गादीत मोडून आत राहतात आणि पू होतो, असे पंजे मी प्रत्येक उन्हाळ्यात फाडून साफ करतो. घुशीसाठी काळे औषध, म्हणजे झिंक फॉस्फाइड, परसात कदापि ठेवू नये. पोटातल्या आम्लाशी त्याचा संयोग होऊन फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्यावर नेमका उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठणे बंद होते आणि लक्षणे काही दिवसांनी दिसतात. तिथे के-1 जीवनसत्त्वाचे उपचार असतात, पण ते वेळेत सुरू व्हावे लागतात. घुशीसाठी पिंजरा लावावा आणि बिळे दगड-सिमेंटने बंद करावीत. उन्हाळ्यात बिळांत आणि जमिनीच्या भेगांत नाग-घोणसही असतात, त्यामुळे बिळापाशी उकरणाऱ्या कुत्र्याला तिथून हटवण्याचे हेही एक कारण आहे. खड्ड्यात पाणी भरून कुत्र्याचे तोंड त्यात दाबण्याचा सल्ला जुनी माणसे देतात, तो क्रूर आहे आणि त्याने कुत्रा मालकाला भिण्याखेरीज काहीच शिकत नाही. पळून जाऊन परत आलेल्या कुत्र्याला मारू नये. त्याच्या लेखी मार पडतो तो परत आल्याबद्दल, आणि पुढच्या वेळी तो जवळ येईनासा होतो.

साखळीविषयी माझे मत स्पष्ट आहे. दिवसरात्र बांधलेला कुत्रा भुंकतो, चिडका होतो, आणि शेजाऱ्यांची आजची तक्रार कमी होऊन उद्याची वाढते. प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार प्राण्याला अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, या दोन्ही गोष्टी गुन्हा आहेत. जाळीचे काम पूर्ण होईपर्यंतच्या दहा-पंधरा दिवसांसाठी मात्र काही सोय लागेल. तेव्हा रात्री त्याला घरात घ्यावे आणि दिवसा गरज पडेल तेव्हा तास-दोन तास सावलीत लांब दोरीवर ठेवावे, तेही कुंपणापासून पुरेसे दूर, कारण दोरीवरचा कुत्रा जाळीवरून उडी मारायला गेला तर गळफास बसतो.

तो चार वेळा बाहेर राहून आला आहे, म्हणून या आठवड्यात त्याचे लसीकरणाचे कार्ड काढून रेबीजच्या वार्षिक लशीची तारीख पाहावी आणि कान, मान, बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का ते तपासावे. अंगावर चाव्याची जखम दिसली तर हातमोजे घालून ती साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लस वेळेवर झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शेजाऱ्यांनाही आपण कोणते काम कधी करणार आहात ते स्वतः जाऊन सांगावे, आणि त्यांच्यापैकी कोणाकडे मादी असेल तर ती माजावर आल्याचे कळवायला सांगावे.

जाळी घातल्यावर तो दोन-तीन आठवडे जुन्या जागा नखांनी चाचपून पाहील. त्या काळात रोज सकाळी कुंपणाच्या कडेने एक फेरी मारावी आणि जिथे माती सैल वाटेल तिथे डबर दाबावे. पहिला मोठा पाऊस झाल्यावर, आणि पुन्हा फाल्गुनात भेगा पडू लागल्यावर, हातात सळई घेऊन ती फेरी नव्याने मारावी. जाळीखाली सळई सहज आत गेली तर तिथे भेग आहे, तीत मुरूम भरून ठोकावा आणि जवळची तार हाताने ओढून पाहावी.